शंका काउंटर

आमच्या क्लासमध्ये शंका काउंटर नावाची एक जागा होती. लांबलचक टेबल, त्यामागे आम्ही मास्तर लोक आणि समोर पोरांची रांग. प्रत्येकाच्या हातात उघडं पुस्तक आणि पुस्तकातल्या एका ओळीवर रोवलेलं बोट. नंबर आला की पुस्तक माझ्या नाकासमोर यायचं आणि पोरगं म्हणायचं, "मॅडम, हे असं का?" लातुरातल्या मोठ्या क्लासेसची ही पद्धतच होती. वर्गात दोन-दोनशे पोरं, तिथे हात वर करायचा नाही. आलेली शंका गिळायची आणि दुपारी काउंटरवर आणून ओकायची, असं आमचे सोनटक्के सर अॅडमिशनच्या दिवशीच सांगायचे. शब्द त्यांचेच. तेव्हा ते ऐकून मला नुसतं कसंतरी व्हायचं.

त्या टेबलावर आता पाण्याचे जार ठेवतात.

मी सुचेता गित्ते. बार्शी रोडवरच्या ‘शिखर क्लासेस’मध्ये परवा-परवापर्यंत फिजिक्स शिकवत होते. माझी मुलगी शिवन्या त्याच क्लासमध्ये बारावीला आहे. घरी ती मला मम्मी म्हणते आणि क्लासचं दार ओलांडलं की मॅडम. आमच्याकडे मास्तरांच्या सगळ्याच लेकरांना ही सवय लावतात. पूर्वी तीही काउंटरच्या रांगेत उभी राहायची. मी म्हणायचे, "अगं, घरी विचार ना." तर म्हणायची, "नाही मॅडम, घरी तुम्ही भाजी चिरता चिरता सांगता."

तो बँड आला खंडेनवमीला. आपण त्या दिवशी हत्यारांची पूजा करतो, कुणी विळ्याची, कुणी गाडीची. सोनटक्के सर दारात झेंडूचं तोरण लावून खोक्यांना हळदीकुंकू वाहत होते. खोक्यांत काळे, बोटभर रुंद बँड होते, कपाळाला लावायचे. कंपनी बंगळूरची, बँडचं नाव ‘निश्चल’. पालकांना तो समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यातली करामत आमच्याच सिलॅबसमधली होती. वेव्ह ऑप्टिक्स.

मी अंधार करून भिंतीवर साधा लेझर टाकला. "बघा," म्हटलं, "ठिपका सपाट दिसत नाही. त्यात बारीक रव्यासारखे दाणे दिसतात. भिंत आपल्याला गुळगुळीत वाटते, पण प्रकाशाच्या लाटेच्या मानाने ती डोंगरदऱ्यांचीच. लेझरच्या लाटा एका तालात निघतात, पण तिच्यावरून परत येताना कुठे एकमेकींना उचलून धरतात, तिथे उजेड. कुठे एकमेकींना मारतात, तिथे अंधार. तोच हा रवा. भिंत स्थिर, तर रवाही स्थिर. पण डोळ्यांना न दिसणारा, हाडातून आत झिरपणारा लेझर कपाळावर टाकला, तर तो आतल्या रक्ताच्या पेशींवरून परत येतो. पेशी वाहत असतात, म्हणून रवा वळवळतो. रक्त जितकं जोरात, तितकी वळवळ जास्त." बँडमध्ये एक लेझर होता आणि एक इवलासा कॅमेरा. कपाळामागच्या मेंदूत रक्त कधी धावलं, ते तो कॅमेरा ही वळवळ मोजून सांगायचा. सुई नाही, कापाकापी नाही. सुंदर कल्पना होती ती, अजूनही वाटते. चांगल्या विहिरीत कुणीतरी मेलेलं कुत्रं टाकावं, तसं पुढे झालं.

पोरगं ठरलेल्या रीतीने गणित सोडवत असलं की कपाळामागचं रक्त संथ वाहतं. मन इकडेतिकडे गेलं की ते एकदम धावतं. या धावण्याचा आकडा पालकांच्या मोबाईलवरही दिसायचा. त्याला नाव होतं ‘भटक’. भटक कमी ती पोरं वरच्या बॅचला, जास्त ती खालच्या.

पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की या यंत्राला एक गोष्ट कळत नाही. पोरगं मॅचचा विचार करत असेल तरी रक्त धावतं, आणि ‘दोन उजेड मिळून अंधार कसा होतो?’ म्हणून चक्रावलं असेल तरी धावतं. दोन्हीला बँड भटकच म्हणायचा. मी केबिनमध्ये जाऊन हे सरांना सांगितलं. ते पेरू खात होते.

"मॅडम," ते म्हणाले, "फरक करायचाय कशाला? दोन्हीत टाइमच जायलाय ना?"

पेरूच्या बिया त्यांनी दातांतून काढल्या आणि माझ्यासमोरच्या बशीत टाकल्या.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये नवा बँड आला. तो नुसता मोजत नव्हता. रक्त धावायला लागलं की हिरवा दिवा एकदा लुकलुकायचा आणि कपाळातून अगदी बारीकसा करंट आत जायचा. दुखत नाही, मुंगी चावल्याइतकंही नाही. मनात उठलेलं ‘असं का?’ जागच्या जागी बसायचं, आणि पोरगं पुढच्या प्रश्नाला लागायचं. त्याला काही तुटल्यासारखं वाटायचं नाही. शिंक येता येता राहून जावी, एवढंच. पालकांनी संमतीचे अंगठे मोबाईलवर भराभर उमटवले, शिवन्यासाठी तिच्या वडिलांनी.

काउंटरची रांग दिवाळीपर्यंत अर्धी झाली. संक्रांतीला मी आणि केमिस्ट्रीचे पाटवारी सर त्या टेबलामागे बसून तिळगूळ खात होतो, समोर चिटपाखरू नव्हतं. वर्गात गेले की दोनशे कपाळं माझ्याकडे बघायची. बँडखाली लावायचं जेल आणि पोरांचा घाम, याचा एक आंबूस वास हॉलमध्ये कोंडलेला असायचा. बँड काढला की कपाळावर पांढरट, सुरकुतलेला चौकोन दिसायचा, फार वेळ पाण्यात राहिलेल्या कातडीसारखा. मी विनोद केला तर कुणी हसायचं नाही. चुकीचं समीकरण लिहिलं, मुद्दाम लिहिलं, तर दोनशे पोरं ते निमूट उतरवून घ्यायची. मी फळा पुसून खाली मान घालून बाहेर यायचे आणि बेसिनवर तोंड धुवायचे.

आणि त्या दोनशेंत पहिल्या बाकावर माझी शिवू.

ती लहान होती तेव्हाची गोष्ट. मी भांडी घासत होते आणि ती माझी काचेची बांगडी साबणाच्या पाण्यात बुडवून खेळत होती. बांगडीत साबणाचा पडदा धरला की रंग खाली ओघळतात. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "मम्मी, फुटायच्या आधी वर काळं का होतं?" मी थक्कच झाले. बी.एस्सी.च्या पोरांनाही दिसत नाही ते. पडदा वर पातळ होत जातो, इतका पातळ की पुढच्या आणि मागच्या बाजूने परतलेल्या लाटा एकमेकींना पुरत्या मारून टाकतात आणि वरची कड काळी पडते. पण हे मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, "हे बारावीत आहे. तोवर जपून ठेव." पुढे दरवर्षी ती बोटं मोजून विचारायची, बारावीला अजून किती वर्षं.

या वर्षी तो धडा आला. रविवारी दुपारी मी वाटीत साबणाचं पाणी केलं, तीच बांगडी शोधून काढली आणि तिला स्वयंपाकघरात बोलावलं. कपाळाला बँड होता. मी पडदा धरला. रंग ओघळायला लागले, वरची कड काळी झाली. तिने पाहिलं, आणि क्षणभर, खरंच सांगते, तिच्या भुवया लहानपणी उचलायच्या तशा उचलल्या गेल्या.

हिरवा दिवा लुकलुकला.

भुवया खाली आल्या. "पातळ थर," ती म्हणाली. "जाडी शून्याकडे. एका परावर्तनात अर्ध्या लाटेचा फरक. म्हणून काळं. यावर तीन टाइपचे प्रश्न येतात."

"शिवू, हे तूच विचारलं होतंस मला. आठवतं का?"

"हो."

"मग?"

"मग काय?" तिने विचारलं, उर्मटपणे नाही, नुसतंच. "जाऊ मी? टेस्ट राहिलीय."

बांगडीतला पडदा फुटला. माझ्या डोळ्यांदेखत कुणीतरी माझ्या लेकराच्या तोंडातला घास काढून घेतला होता आणि तिला तो काढल्याचंही कळलं नव्हतं. मला त्या बँडची इतकी किळस आली की मी तिच्या कपाळावरून हात फिरवू शकले नाही.

तिचा नंबर मात्र वर वर चालला होता. बार्शी रोडला तिचा हसरा फोटो लागला, खाली मोठ्या अक्षरांत ‘भटक फक्त ४!’ नातेवाइकांचे फोन यायला लागले. माझी नणंद परळीहून म्हणाली, "वहिनी, आमच्या पोराला पण तसलंच बसवून द्या की." तसलंच बसवून द्या. जणू गिरणीला पट्टा बसवायचाय.

माझे यजमान रविराज जिल्हा परिषदेत इंजिनिअर आहेत. वाईट माणूस नाही. त्यांना स्वतःला एका मार्काने मेडिकल हुकलं होतं आणि तो एक मार्क ते अजून खिशात घेऊन फिरतात. ते म्हणायचे, "अगं, तू उगं कशाला डोकं लावायलीस? लेकरू रडंना, चिडंना, झोप नीट लागायली. गेल्या साली बाजूच्या काळ्यांचं पोरगं टेस्टच्या भीतीनं जेवत नव्हतं, आठवतंय का? आता बघ, कसं गुमान खातंय."

खरंच होतं ते. काळ्यांचं पोरगं गुमान खात होतं. मी त्याला खाताना पाहिलं होतं. पुढ्यातली वाटी रिकामी झाली तरी त्याचा चमचा वाटीत फिरत होता.

शेवटी मी एक उद्योग केला. आमच्याकडे दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी मार्क आणि भटक बघून बॅचची फेरवाटणी. स्क्रीनवर नावं लागतात आणि पोरं दप्तर उचलून या हॉलमधून त्या हॉलमध्ये जातात. त्या रविवारचा वेव्ह ऑप्टिक्सचा पेपर माझ्याकडे होता. त्यात मी एक प्रश्न घातला:

एका पत्र्यात अर्ध्या मिलिमीटर अंतरावर दोन फटी आहेत. प्रत्येक फटीमागे स्वतंत्र पिवळा दिवा आहे. तरंगलांबी ६०० नॅनोमीटर, पडदा एक मीटर दूर. पडद्यावरील पट्ट्यांची रुंदी किती? पर्याय चार, शेवटचा ‘पट्टे दिसणार नाहीत’.

सूत्रात आकडे घातले की एक पूर्णांक दोन मिलिमीटर असं गोड उत्तर येतं आणि ते साफ चूक आहे. पट्टे दिसायला दोन्ही फटींतून येणाऱ्या लाटा एका तालात हव्यात, म्हणून तर त्या एकाच दिव्यातून घेतात. दोन वेगळे दिवे म्हणजे दोन वेगळ्या गावांची ढोलपथकं. कोण कधी टिपरू मारील, याचा एकमेकांना पत्ता नसतो. पट्टे बनतात आणि डोळ्याची पापणी हलायच्या आत लाखो वेळा सरकतात. पडद्यावर नुसता सपाट पिवळा उजेड. हे कळायला हुशारी लागत नाही. प्रश्न वाचताना एकदा थबकावं लागतं. ‘दोन दिवे? असं का?’ एवढंच.

सोमवारी निकाल आला. खालच्या बॅचमध्ये अजून काही पोरं बिनबँडची होती, घरच्यांनी नको म्हटलेली. त्यांतल्या निम्म्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं. एका पोरीने तर कच्च्या कामात शेजारी लिहिलं होतं, ‘मॅडम, दोन दिवे का घेतले?’ वरच्या बॅचमधल्या एकूण एक पोराने एक पूर्णांक दोन मिलिमीटर ठोकलं होतं. शिवन्यानेही.

मी तो निकाल घेऊन केबिनमध्ये गेले. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस हादरेल. सरांनी स्क्रीनवर बोट फिरवत सगळी नावं पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

"एक पण नाही चुकलं?"

"सगळे चुकलेत, सर."

"तसं नाही म्हणायलो मी. एकानंही वेगळं उत्तर दिलं नाही!" ते खुर्चीतून उठले. "मॅडम, तुम्हाला कळायलंय का काय झालंय ते? हे दोन दिवे एका तालात नसतात, मान्य. मी पण फिजिक्सच शिकवत होतो. पण दोनशे पोरं मी एका तालात आणून दाखवली. लेझर झालाय त्यांचा, लेझर!"

त्यांना सगळं कळत होतं. अडाणी असते तर मी माफ केलं असतं. ज्याला धडा पाठ आहे, त्यानेच त्याचं हे असं करावं, यासारखी घाण दुसरी नाही.

"आणि परीक्षेत असा प्रश्न आला तर?"

"येत नाही. मागच्या वीस वर्षांचे पेपर काढून बघा. आला तर चार मार्क गेले. त्यापायी बाकीच्या पेपरात पोरं थबकत बसली, तर चाळीस जातील." त्यांनी माझ्यापुढे पेढ्यांचा बॉक्स सरकवला. "प्रश्न रद्द करू आपण, सगळ्यांना मार्क देऊ. आणि ते काउंटर आता काढून टाकू. तुम्ही बँडचं डिपार्टमेंट बघा. जेल, चार्जिंग, पोरांच्या कपाळाला पुरळ येतंय ते. पगार तोच."

नवी खबर त्यांनी शेवटी दिली. कंपनीने ‘पक्कं सेटिंग’ आणलं होतं. शेवटच्या तीन महिन्यांत वरच्या बॅचला द्यायचं. करंट जरा जास्त, रोज थोडा थोडा. मग बँड काढला तरी परिणाम टिकतो, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये बँड चालत नाही.

"किती दिवस टिकतो?" मी विचारलं.

"कंपनी म्हणती, अजून तरी कुणाचा उतरला नाही," सर म्हणाले. "आई-बाप दोघांचा अंगठा लागंल. रविवारपर्यंत. गित्ते साहेबांनी सकाळीच दिलाय."

पेढा माझ्या हातात तसाच होता. मी तो त्यांच्या टेबलावर ठेवला आणि नोकरी सोडून घरी आले.

तो आठवडा आमच्या घरात कसा गेला ते सांगत बसत नाही. रविराज समजूत काढायचे, चिडायचे, पुन्हा समजूत काढायचे. मी नाही म्हणत राहिले. मला वाटत होतं, शिवू तरी भांडेल, आदळआपट करील, मला शिव्या घालील. घातल्या असत्या तर मी देवापुढे दिवा लावला असता. रविवारी सकाळी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मम्मी, तुझा अंगठा नसला तरी चालंल. मंगळवारी मला अठरा पूर्ण होतायत. मग मीच देईन." आणि ती अभ्यासाला गेली. मंगळवारी वाढदिवसाला काय करू म्हणून मी त्याच सकाळी गुळाची भेली फोडून ठेवली होती.

दुपारी मी कणीक मळत होते. रविराज दारात उभे, हातात मोबाईल, स्क्रीनवर माझ्या अंगठ्याची रिकामी जागा. "दे ना अंगठा," ते म्हणाले. "ती देणारच हाय परवा. तू दिलास तर तिला तेवढंच बरं वाटंल. मायनं नाही म्हटलं, असं कशाला व्हावं?"

माझे हात बरबटलेले होते. मी वर पाहिलं. शिवन्या पाणी प्यायला आली होती आणि तोंड धुवायचं म्हणून तिने बँड काढून ओट्यावर ठेवला होता. आतल्या बाजूला जेल आणि कपाळाची मेलेली कातडी चिकटलेली होती. कोमट पाण्यात मळलेला तो गोळा माझ्यासमोर होता, मऊ, गोल, अंगासारखाच ऊन. मला काय सुचलं कोण जाणे. मी बँड उचलला आणि गोळ्याला बांधला.

बँडमध्ये नाडी तपासायची सोय होती. ती सोनटक्के सरांनीच बंद करून घेतली होती, घाबरलेल्या पोरांच्या नाडीने आकडे बिघडतात म्हणून. त्यामुळे कुणी विचारलं नाही की हे कपाळ कुणाचं. लेझर कणकेत शिरला आणि परत आला. आत काहीच वाहत नव्हतं. रवा स्थिर.

रविराजच्या हातातला मोबाईल वाजला. त्यावर फुगे उडाले, टाळ्या वाजल्या, आणि एका गोड बाईच्या आवाजात ऐकू आलं, "अभिनंदन! भटक शून्य. आपलं मन पूर्ण निश्चल आहे. आपण आपल्या बॅचमध्ये पहिले आहात."

"वाचा," मी म्हटलं. "मोठ्यानं वाचा. तुमच्या लेकीचा चार. या गोळ्याचा शून्य. आता बार्शी रोडला याचा फोटो लावा!"

रविराज हसायला लागले. "बिघडलंय काहीतरी," म्हणाले, पण हसू मध्येच अडकलं. ते एकदा गोळ्याकडे बघत होते आणि एकदा लेकीकडे.

शिवन्या तोंड पुसत ओट्याजवळ आली. ती वाकली आणि गोळ्याकडे बघायला लागली. तिच्या कपाळावर तो पांढरट चौकोन होता, पण बँड नव्हता. कुठलाही दिवा लुकलुकणार नव्हता. आणि मी पाहिलं, तिच्या भुवया हळूहळू वर चढल्या.

"मम्मी," ती म्हणाली, "ह्याचा शून्य कसा काय आला?"

आठ महिन्यांत तिने मला विचारलेली ही पहिली शंका होती. काउंटरवरची माझी जुनी सवय, उत्तर लगेच द्यायचं नाही. मी आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हटलं, "तुला काय वाटतं?"

ती विचार करायला लागली. खराखुरा विचार, ओठ दातांत धरून, लहानपणी करायची तसा.

"ह्याच्यात रक्त नाही," ती म्हणाली. "आत काही हलतच नाही. म्हणजे परत येणाऱ्या लाटांचा ताल बदलत नाही. म्हणून रवा स्थिर राहतो. म्हणून शून्य."

"बरोबर!" मी जवळजवळ ओरडलेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी बरोबर, शिवू! मग आता सांग, यावरून आपल्याला काय कळलं?"

तिने मान हलवली. कळलं होतं तिला. ती माझ्याकडे वळली, आणि किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती.

"मग मी काय करू मम्मी," तिने विचारलं, "म्हणजे माझा पण शून्य येईल?"

रविराजनी मोबाईल खिशात घातला. मी ओट्याची कड धरली.

ती थांबली होती. पूर्वी रांगेत उभी राहायची तशीच, मान जरा पुढे काढून, बोट त्या कणकेच्या गोळ्यावर रोवून, माझ्या उत्तराची वाट बघत.